सांगणाऱ्याचा लोप : खान्देशातील माध्यमव्यवहार आणि विश्वासाचे व्याकरण

१

प्रसारमाध्यमांच्या प्रभावाविषयीची मराठीतील चर्चा बहुधा आशयापाशी सुरू होते आणि आशयापाशीच संपते. दूरचित्रवाणीने अभिरुची बिघडविली, वृत्तपत्रांनी भाषा सवंग केली, भ्रमणध्वनीने वाचन संपविले, अशी विधाने एका बाजूने केली जातात. माध्यमांनी ज्ञान खेड्यापाड्यांत नेले, अशी विधाने दुसऱ्या बाजूने. दोन्ही पक्षांचे गृहीतक मात्र एकच असते. माध्यम म्हणजे एक नळ, त्यातून काय वाहते एवढेच तपासायचे, असे ते गृहीतक आहे. मार्शल मॅकलुहान यांनी १९६४ साली या गृहीतकाला छेद दिला आणि लक्ष आशयाकडून माध्यमाच्या घडणीकडे वळविले. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली त्या भूमिकेतील तंत्रनिष्ठ नियतिवादावर आक्षेप घेतला. तंत्र स्वयंभू नसते, विशिष्ट समाजातील गरजा, संस्था आणि सत्तासंबंध त्याला रूप देतात, हे त्यांनी दाखवून दिले.

या वादात साहित्यसमीक्षेला स्वतःचे असे काही सांगता येईल काय, हा प्रश्न मराठीत फारसा विचारला गेलेला नाही. समीक्षेपाशी एक जुने उपकरण आहे. कोणतीही संहिता हाती आली की समीक्षक प्रथम विचारतो : येथे सांगते कोण? ते कोणाला सांगते? सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवावा? कादंबरीच्या निवेदकाविषयी विचारले जाणारे हे प्रश्न दैनंदिन माध्यमव्यवहाराला विचारले, तर 'प्रभाव' या शब्दाचा अर्थ बदलतो. माध्यमाचा सर्वांत खोल प्रभाव माणसाच्या मतांवर होत नसून विश्वास ठेवण्याच्या त्याच्या रीतीवर होतो, असे मग दिसू लागते. या रीतीला येथे 'विश्वासाचे व्याकरण' असे म्हटले आहे. प्रत्येक माध्यम आपापले व्याकरण घेऊन येते, आणि त्यात 'कर्ता' कोठे असतो, दिसतो की लपतो, उत्तर देतो की देत नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. प्रसंगी माणसांचे प्राणही.

२

जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव या विचाराला आरंभबिंदू म्हणून सोयीचे आहे. जळगावहून अजिंठ्याच्या घाटाकडे आणि पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव वसले आहे. पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची छोटी रेल्वे शतकभर येथून धावली. २०२० साली ती थांबली. 'पेठ' आणि 'कसबे' असे गावाचे दोन भाग, आणि त्यांच्या ग्रामपंचायतीही स्वतंत्र. ही दोन नावेच गावाची प्रकृती सांगतात. पेठ म्हणजे जिथे माल येतो आणि मालाबरोबर बातमीही येते असे ठिकाण. अशा गावात माध्यमांचा इतिहास थरांनी साचतो. नवे माध्यम जुन्याला हुसकावून लावीत नाही, त्याच्यावर येऊन बसते. बाजारातले बोलणे, मोटारीने येणारे वृत्तपत्रांचे गठ्ठे, आकाशवाणी, दूरदर्शन आणि हातातला भ्रमणध्वनी हे सारे एकाच माणसाच्या एकाच दिवसात नांदत असतात.

सर्वांत खालचा थर मौखिक व्यवहाराचा. या परिसराची बोली तावडी. पश्चिमेकडे, धुळे-साक्रीच्या बाजूला जावे तसतशी अहिराणी आणि पुढे भिल्ली, कोकणी, मावची अशा आदिवासी बोली लागतात. खान्देश हा एकभाषिक प्रदेश नाही, हे येथे लक्षात ठेवावे लागते. मौखिक व्यवहारात बातमी माणसाच्या अंगाला लागून येते. सांगणारा समोर उभा असतो. तो कोणाचा कोण, मागच्या खेपेला त्याने सांगितलेले खरे ठरले की खोटे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. श्रोता त्याला मध्येच अडवू शकतो, उलट विचारू शकतो. विश्वास येथे शब्दांवर नसतो, शब्द वाहून आणणाऱ्या देहावर असतो.

याच परिसरातील बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या स्त्रीची गाणी घरकामाच्या आणि शेतकामाच्या ओघात जन्मली. ती ऐकणाऱ्यांना कवयित्रीचे नाव वेगळे सांगण्याची गरज नव्हती. ती समोरच होती. डिसेंबर १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ साली सोपानदेव चौधरी व आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नांतून ती गाणी ग्रंथरूपाने आली. मुद्रणाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली स्थिर पाठ, आणि दुसरी कर्तृनाम. गाणारा देह नाहीसा झाल्यानंतर त्याची जागा मुखपृष्ठावरच्या नावाने भरून काढावी लागली. मराठी समीक्षेने या घटनेची चर्चा प्रतिभेच्या अंगाने पुष्कळ केली. माध्यमांतराच्या अंगाने पाहिले तर तिचा अर्थ असा की मुद्रण निनावी राहू देत नाही. ते सांगणाऱ्याला समोरून हलविते, परंतु त्याची सही मागते.

३

ही सही मागण्याची रीत केवळ साहित्यातली नव्हे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे बंधनकारक केले. त्यामागचा हेतू वसाहतवादी सरकारच्या पाळतीचा होता, यात शंका नाही. परंतु या दडपणाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की छापील शब्दामागे पत्ता असलाच पाहिजे, अशी वाचकाची अपेक्षा घडत गेली. जळगावात ना. न. फडणीस यांनी १८८७ ते १९३५ एवढा दीर्घ काळ 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालविले. १९०७ साली जळगावातच भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' ही उपाधी मिळाली. मुद्रणाने घडविलेल्या या जगात नावाला प्रतिष्ठा होती आणि नावाबरोबर जबाबदारीही होती.

पुढे जिल्हा आवृत्त्यांच्या काळात वृत्तपत्र तालुक्यापर्यंत आणि तेथून पेठेपर्यंत पोचले. भाषेचे प्रमाणीकरण, राजकारणाचे स्थानिकीकरण, जाहिरातींचा सुळसुळाट, हे त्याचे परिणाम अनेकांनी नोंदविले आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली. गावचा वार्ताहर गावातच राहत होता. त्याने दिलेली बातमी चुकीची निघाली तर त्याला चौकात गाठता येत होते. छापील शब्दाचे दूरस्थ प्रामाण्य आणि मौखिक व्यवहारातील समक्षता यांची सांधेजोड त्याच्या ठायी झाली होती. ती नेहमीच प्रामाणिक होती असे नव्हे. परंतु चुकीला एक चेहरा होता, एवढे निश्चित.

आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झाले. नभोवाणीचे व्याकरण पुन्हा निराळे. येथे आवाज आहे, देह नाही. परंतु आवाजापूर्वी केंद्राचे नाव उच्चारले जाते आणि वेळ सांगितली जाते. विश्वास व्यक्तीवरून संस्थेकडे सरकतो. महाराष्ट्रात या एकतर्फी व्यवहाराला उत्तराची जोड देण्याचा एक लक्षणीय प्रयोग १९५६ साली झाला होता. पुणे व आसपासच्या जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. त्यांनी कार्यक्रम एकत्र ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवावेत, अशी योजना होती. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगाचे महत्त्व शेतीविषयक माहितीपेक्षा त्यातील संवादरचनेत आहे. ऐकणे ही सामूहिक आणि प्रश्न विचारणारी कृती असू शकते, हे त्यात गृहीत धरले होते.

दूरदर्शनने हे गृहीतक मागे टाकले. १९८७-८८ मधील 'रामायण' आणि त्यापाठोपाठ आलेले 'महाभारत' यांनी रविवारच्या सकाळी रस्ते ओस पाडले, हे सर्वज्ञात आहे. कीर्तनकाराला शंका विचारता येत होती, पडद्याला येत नाही, हा त्यातील फरक. तरीही तेथेही दिग्दर्शकाचे नाव श्रेयनामावलीत होते, वाहिनीचे बोधचिन्ह होते, आणि दाखविले जाते ते 'मालिका' आहे हे प्रेक्षकाला माहीत होते. सांगणारा दूर गेला होता. नाहीसा झाला नव्हता.

४

तो नाहीसा कसा झाला, याचे उत्तर खान्देशाच्या पश्चिम टोकाला मिळते. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी वस्तीच्या गावी आठवड्याच्या बाजारात पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची होती, भिक्षा मागण्यासाठी फिरत होती आणि त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातील होती. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. एका लहान मुलीशी त्यांच्यापैकी कोणी बोलल्याचे निमित्त झाले. मारहाण करून त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. मारहाणीचे चित्रीकरणही झाले आणि तेही त्याच माध्यमातून फिरले.

या घटनेचे स्पष्टीकरण 'अडाणी लोक आणि घातक यंत्र' अशा जोडीने देणे सोपे आहे आणि ते चुकीचे आहे. अफवा यंत्राच्या आधीपासून आहे. रणजित गुहा यांनी वसाहतकालीन शेतकरी उठावांवरील आपल्या १९८३ च्या ग्रंथात अफवेचा जो विचार केला आहे तो येथे उपयोगी पडतो. अफवा निनावी असते, ती तोंडोतोंडी वाहते आणि ती वाहून नेणारा प्रत्येक जण तिच्यात आपली भर घालतो, म्हणून तो काही अंशी तिचा कर्ताही होतो, असे गुहा यांच्या विवेचनातून निष्पन्न होते. निनावीपणाच्या जोडीला असलेले हे सहकर्तृत्व महत्त्वाचे आहे. तोंडी अफवा सांगताना माणसाला ती स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या बोलीत, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून सांगावी लागते. 'असे म्हणतात बुवा' ही पुस्ती जोडावी लागते. या पुस्तीत संशयाला बारीकशी फट असते.

पुढे ढकललेल्या संदेशात ही फट बुजते. संदेश पुढे पाठविणारा त्यात एक अक्षरही घालत नाही. बोटाच्या एका स्पर्शाने तो जसाच्या तसा जातो. म्हणजे त्याला मुद्रणाची स्थिरता आहे, पण मुद्रणाची सही नाही. त्याला अफवेचा निनावीपणा आहे, पण अफवेतील सहकर्तृत्व नाही. चित्र आणि चलच्चित्र जोडलेले असल्याने दूरचित्रवाणीचा प्रत्यक्षाभास आहे, पण वाहिनीचे बोधचिन्ह नाही. आणि हे सारे ज्याच्याकडून येते तो मेहुणा असतो, वर्गमित्र असतो, भावकीतला असतो. मौखिक व्यवहारातला देहाधिष्ठित विश्वास संदेशाला आपोआप मिळतो, जरी तो देह संदेशाचा कर्ता नसला तरी. चार माध्यमांचे सामर्थ्य या एका प्रकारात एकवटले आहे आणि चारही माध्यमांतील उत्तरदायित्व त्यातून गळून पडले आहे. सांगणाऱ्याचा लोप म्हणतात तो हा.

जुलै २०१८ मध्येच भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविण्यावर कंपनीने मर्यादा आणली, वृत्तपत्रांतून मोठ्या जाहिराती दिल्या; १७ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी शासनांना निर्देश दिले. हे उपाय आवश्यक होते. परंतु पाचची मर्यादा प्रसाराचा वेग कमी करते, संदेशाला कर्ता देत नाही. अफवेविरुद्धची जाहिरात छापील वृत्तपत्रात द्यावी लागली, हेही सूचक आहे. ज्या माध्यमात सही आहे, त्याच्याकडे विश्वासाची उसनवारी करायला जावे लागले.

५

राईनपाड्याच्या घटनेतील दारुण विसंगती याहून पुढची आहे. मारले गेले ते कोण होते? डवर हे वाद्य वाजवीत, नाथपरंपरेची गाणी गात गावोगाव फिरणाऱ्या जमातीची ती माणसे होती. वासुदेव, बहुरूपी, गोंधळी, डवरी गोसावी हे फिरस्ते एके काळी ग्रामीण महाराष्ट्राचे प्रसारमाध्यमच होते. कथा, गाणे, भविष्य, दूरच्या गावची वार्ता त्यांच्या पायांनी चालत असे. नव्या माध्यमाने जुन्या माध्यमाला मारले, असे येथे अक्षरशः म्हणावे लागते.

अर्थात फिरस्त्याविषयीचा संशय भ्रमणध्वनीने निर्माण केला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का राहिला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या मौलिक ग्रंथात 'फिरस्ते' नावाचे प्रकरणच आहे, आणि त्यात फिरस्त्यांकडे पाहिले आहे ते गावाच्या डोळ्यांनी, गावावरचे ओझे म्हणून. आत्र्यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु तेथे फिरस्ता हा ज्याच्याविषयी बोलले जाते तो आहे, बोलणारा नाही.

ही व्याकरणिक स्थिती बदलली ती लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने (१९८७). या आत्मकथनांचे सामाजिक मूल्य सर्वमान्य आहे. दोन्हींना साहित्य अकादमीचे पुरस्कारही लाभले. त्यांनी केलेली मूलभूत क्रांती मात्र निवेदनाची आहे. 'तो' असलेला फिरस्ता 'मी' झाला. मराठी वाचकाला प्रथमच त्याच्या तोंडून ऐकावे लागले. राईनपाड्याने जे उघड केले ते असे की मुद्रित साहित्याने तीस-चाळीस वर्षांत कमावलेला हा प्रथमपुरुष मुद्रणाच्या वर्तुळाबाहेर पोचलाच नव्हता. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात भटका बोलत होता. बाजारात तो पुन्हा तृतीयपुरुषी, अनेकवचनी, अनामिक झाला होता : 'टोळी'. सोलापूरकडच्या मराठीत तो काय म्हणाला असेल, ते साक्रीच्या डोंगरपट्ट्यातील वेगळ्या बोलीच्या बाजारात कितपत ऐकले गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. प्रश्न विचारले गेले असतील तर ते समोरच्या माणसाला. संदेशाला कोणी विचारले नाही, कारण विचारण्याजोगा त्याला कर्ताच नव्हता.

६

यावरून नव्या माध्यमांविषयी केवळ शोकात्म निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. खान्देशाला लागून असलेल्या मालेगावात यंत्रमागांच्या वस्तीतून जी हौशी चित्रपटनिर्मिती उभी राहिली, ती नेमकी उलट दिशा दाखविते. नासिर शेख यांच्या 'मालेगाव के शोले'ने (२०००) मुंबईच्या एका भव्य चित्रपटाची विडंबन-आवृत्ती तुटपुंज्या साधनांत केली. पडद्यावरचा नायक हा गल्लीतला ओळखीचा माणूस आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते, आणि त्या ओळखीतच हशा होता. येथे माध्यम उघडे पडते. दाखविलेले हे कोणीतरी केलेले असते, ही जाणीव ते हसता हसता देते. विडंबन हा माध्यमसाक्षरतेचा लोकमान्य वर्ग ठरतो. सांगणारा येथे परत येतो, तोही शेजाऱ्याच्या चेहऱ्याने.

याच परंपरेला समांतर अहिराणी आणि खान्देशी विनोदी चित्रफिती आल्या. तबकड्यांच्या बाजारातून त्या यूट्यूबवर गेल्या आणि तेथे त्यांनी प्रचंड प्रेक्षकवर्ग मिळविला. बोलीला माध्यमांत जागा मिळाली, याचा आनंद मानलाच पाहिजे. परंतु कोणती जागा? बातमी प्रमाण मराठीत, सरकारी सूचना प्रमाण मराठीत, मालिका बव्हंशी प्रमाण मराठीत किंवा हिंदीत. आणि विनोद मात्र अहिराणीत. बहिणाबाईंच्या भाषेला कवितेच्या दालनात मान आहे, चित्रफितींतल्या भाषेला हशा आहे. या दोहोंच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश, जेथे माणूस गंभीरपणे विधान करतो, शंका घेतो, पुरावा मागतो, खोडून काढतो, तेथे बोलीला माध्यमांनी बोलावलेले नाही. ज्या भाषेत माणूस विचार करतो, त्या भाषेत त्याला माध्यमाला प्रश्न विचारण्याची सवय लागलेली नसेल, तर परक्या भाषेतून आलेल्या गंभीर मुद्रेच्या संदेशापुढे तो निरुत्तर होणे स्वाभाविक आहे. निरक्षरतेशी याचा संबंध कमी आहे. भाषिक अधिकाराच्या विभागणीशी अधिक आहे.

साहित्यसमीक्षेचे काम येथे सुरू होते. निवेदकाला ओळखणे, त्याच्या विश्वसनीयतेची परीक्षा करणे, मौनात कोणाला ठेवले आहे हे शोधणे, या कृती तिने आजवर ग्रंथांपुरत्या राखून ठेवल्या. पहूरच्या पेठेत संध्याकाळी हातोहात फिरणारी संहिता ही ग्रंथाहून अधिक वाचली जाणारी आणि ग्रंथाहून अधिक परिणामकारी संहिता आहे. तिच्या वाचनाची शिस्त प्रमाणभाषेतील परिभाषेत अडकून राहिली तर ती चर्चासत्राबाहेर जाणार नाही. ती तावडीत, अहिराणीत, भिल्लीत विचारता आली पाहिजे. प्रश्न तर प्रत्येक बोलीत पूर्वीपासून आहेच : हे सांगितले कोणी? माध्यमांच्या दैनंदिन प्रभावाचे मोजमाप, हा प्रश्न विचारण्याची सवय एखाद्या गावात किती शिल्लक राहिली आहे, यावरून करावे लागेल. राईनपाड्याच्या बाजारात त्या रविवारी तो विचारला गेला नाही, आणि त्याचे मोल ज्यांनी दिले ते स्वतः परंपरेने सांगणारे होते.